दिवेलागणीला वाजणारा हौद

“आमच्या घरात कासवाला कुनीतरी मारतंय,” आप्पासाहेब म्हणाले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. “आन् कोन मारतंय ते कळायच्या आत माझी सून घरातनं जाईल.”

सत्तर सालचा मार्गशीर्ष. नगरच्या माळीवाड्यातल्या त्या खोलीत सहादेव म्हस्केकडे लोक चोरलेला बैल नाहीतर पळालेला जावई घेऊन येत. पोलिसातली नोकरी सोडून त्यानं खाजगी तपासाचा धंदा मांडला होता. कासव पहिल्यांदाच आलं होतं.

कोपऱ्यात बसलेल्या बन्सीनं गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. बन्सी सहादेवचा बालमित्र. फटफटी तो चालवायचा, सोबतीला असायचा आणि सगळं त्याला शेवटी समजायचं.

बेलापूरच्या शिवारात आप्पासाहेबांची वस्ती. घर माळकरी. आई मुक्ताबाई भाद्रपदात गेल्या. प्रवरेच्या पुरातून आलेलं एक पिल्लू त्यांनी अंगणातल्या दगडी हौदात ताटाएवढं वाढवलं होतं. आता त्याचे डोळे सुजून मिटले होते आणि पाठ मऊ पडली होती.

“आई जाताना येवढंच बोलली, याला उपाशी ठेवू नका. आता रोज दिवेलागणीला तुळशीपाशी वास सुटतो. मग हौद वाजतो. ठक, ठक.”

“वास कसला?”

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. “मासळीचा. माळकऱ्याच्या अंगनात.”

बन्सीनं माळ सदऱ्याच्या आत सारली.

“आमची मंडळी, मालनबाई, म्हनते सुनेनं हौदात कायतरी घातलं, म्हनून आईचा जीव घुटमळतोय. पोरगा पलटणीत हाय. त्याला काय हुईल, ह्या भ्यानं ती झोपत न्हाई. उद्या मिरजगावहून सुनेचा भाऊ येतोय. एकदा गेली की परत आनायची न्हाई, असं घरात ठरलंय. म्या म्हनतो, पाठवायचीच तर खरं कळून पाठवू.”

सहादेव उठला. “चला.”

वाटेत त्यानं श्रीरामपुरात गुरांच्या दवाखान्यापाशी फटफटी थांबवायला लावली. तो डॉक्टरांशी बराच वेळ बोलत होता. बन्सीनं तेवढ्यात दोन चहा घेतले.

वस्तीवर पोचल्यावर सहादेवनं आधी हौदावरचा पत्रा बाजूला करवला. आंबूस वास आला. पाणी गढूळ पांढरट होतं. तळाशी कासव मान आत ओढून पडलं होतं, कुणी विसरून गेलेल्या भांड्यासारखं. सहादेवनं ते अलगद वर घेतलं. पाठीची कड बोटाखाली ओल्या चामड्यासारखी दबली. मिटल्या पापण्यांचे दोन फुगे बन्सीकडे वळले. दिसत नसूनही ते आपल्याकडेच बघतंय असं वाटून बन्सी मागं सरला.

“पत्रा कधी घातला?” सहादेवनं विचारलं.

“सासूबाई गेल्यावर,” मालनबाई दारातूनच म्हणाल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी घट्ट धरला होता. “वाजायला लागलं तवा.”

“खायला काय देता?”

“त्या द्यायच्या तेच. भाकरी, मेथी. आन् त्यांच्या मागं सोमवारी पान्यात दूध.”

हौदाच्या तुळशीकडच्या भिंतीवर शेवाळात एक तिरका कोरा पट्टा होता. सहादेवनं त्यावर बोट ठेवलं.

“तिथं सासूबाईंचा मसाल्याचा दगडी पाटा टेकवलेला असायचा. तेराव्याला दान दिला. मेलेल्या मानसाचं घरात कशाला ठेवायचं?”

“बाई कडक होत्या?”

“कडक? कांद्याची टोपली वलांडायच्या न्हाईत. उजाडायच्या आधी कालव्याकडं जायच्या, देवाची फुलं आनायला. आल्या की तडक न्हानीत. आंघूळ हुईस्तोवर आमची सावली चालायची न्हाई.”

“अंगणात ही कण्हेर फुललीय की.”

“त्यांना कालव्याकडचीच लागायची.”

“धन्य माउली,” बन्सी हळूच म्हणाला. “आम्ही आपले आंघोळ उरकून फुलं तोडतो. अशा थंडीत त्या फुलं आणून वर पुन्हा आंघोळ करायच्या.”

सहादेव त्याच्याकडे बघत राहिला.

“काय झालं?”

“काही नाही. तू बोलत जा अधूनमधून.”

आप्पासाहेबांचा धाकटा भाऊ छगन गोठ्यात होता. त्याला हौद फोडून तिथं पाण्याच्या मोटारीची खोली बांधायची होती, हे त्यानं स्वतःच सांगितलं.

“पर म्हनून कासव मारीन? आई भूत हुऊन पयली मलाच धरंल.” तो हसला, आणि हसता हसता त्यानं तुळशीकडे चोरून पाहिलं.

“सुनेला हौदापाशी तुम्ही पाहिलंत?”

“तिन्हीसांजंला. पदरातनं काढून पान्यात टाकलं तिनं. हटकलं तर पळाली. दसऱ्याचा दिवस हुता, इसरायचो न्हाई. तवापासनं वैनीनं तिला हौदाकडं फिरकू दिलं न्हाई.”

“आणि डोळे सुजले कधी?”

“दिवाळी उलटल्यावर.”

सून मनकर्णा चुलीपुढं भाकरी थापत होती. वय विशीच्या आतलं. सहादेव उंबऱ्याबाहेर बसला.

“काय टाकलंस बाळ? विष?”

“न्हाई.”

“मग?”

“ते मला सांगता येत न्हाई. जा म्हनतील तर जाईन.”

“नवऱ्याला काय सांगतील?”

तिचा हात थांबला. परातीतली भाकरी मधोमध फाटली. “त्यांचं पत्र आलं तर मिरजगावला धाडा म्हनावं,” ती म्हणाली आणि फाटलेलं पीठ पुन्हा मळायला लागली.

सूर्य उसात बुडाला. अंगणात सगळे जमले, पण एकमेकांकडे कुणी बघेना. मालनबाईंनी तुळशीच्या कोनाड्यात दिवा लावला आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तो वास आला. आधी पुसट, मग दाट, ओल्या जाळ्यासारखा तोंडावर येणारा. बन्सीनं हरिनाम सुरू केलं. आणि पत्र्याखालून आवाज आला. ठक. मध्ये काहीतरी खरवडल्यासारखं झालं. ठक.

“आलं,” मालनबाई पुटपुटल्या. “आलं बाई.”

सहादेव कोनाड्यापाशी गेला. त्यानं दिवा उचलून बन्सीच्या हातात दिला आणि कोनाड्याची मागची सैल फरशी ओढली. आतून एक पत्र्याचा डबा निघाला, हाताला ऊब लागेल इतका तापलेला. झाकण उघडलं. आत सुकट होती, वाळवलेली बारीक कोळंबी.

मालनबाईंनी नाकाला पदर लावला.

“हा वास भुताचा नाही,” सहादेव म्हणाला. “मुक्ताबाईंच्या मागं झाकण सैल राहिलं आणि दिव्याच्या आचेनं डबा तापतो. म्हणून वास दिवा लागल्यावरच सुटतो.”

“आन् ठकठक?” छगननं विचारलं.

“डोळे मिटलेत, नाक शाबूत आहे. वास आला की हा जीव ह्याच कोपऱ्यात येतो, कारण त्याला खाणं इथंच मिळायचं. वर चढायला बघतो. पाटा होता तिथं आता नुसती भिंत आहे. तो घसरतो आणि पाठ दगडावर आपटते.”

पत्र्याखाली पुन्हा एकदा वाजलं. आता तो आवाज बन्सीला आधीपेक्षा जास्त झोंबला.

“नदीतलं कासव नुसत्या भाकरीवर धष्टपुष्ट होत नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्याला जिवाचं खाणं लागतं, ऊन लागतं, कोरडं बसायला उतरता दगड लागतो. ऊन पत्र्यानं अडलं, दगड दानात गेला, पाणी दुधानं नासलं. हे सगळं भीतीपोटी आणि भक्तीपोटी झालं. पण ह्या माळकरी घरात जिवाचं खाणं इतकी वर्षं देत कोण होतं?”

तो बन्सीकडे वळला. “आंघोळ आधी की फुलं आधी?”

“आंघोळ,” बन्सी म्हणाला. आणि मग त्याला समजलं.

“मुक्ताबाई कालव्यावर जाऊन येत आणि मग आंघोळ करत. फुलं तर अंगणातच होती. कालव्याकाठी गोगलगायी मिळतात, किडे मिळतात. कालवा कोरडा असला की हा डबा. हाताला लागलेलं धुतल्याशिवाय त्या कुणाला शिवत नसत.”

आप्पासाहेब डब्यापाशी आले. “माझी आई? सुकटीला हात लावायची?”

“व्रत त्यांचं होतं, आप्पासाहेब. मुक्या जिवावर त्यांनी ते लादलं नाही.”

“आन् ही?” मालनबाईंनी सुनेकडे बोट केलं, पण त्यात आता जोर नव्हता.

“हिला दसऱ्याला अडवलंत. डोळे दिवाळीनंतर सुजले. घालणारीला अडवल्यावर चढतं असं विष मी तरी पाहिलं नाही. हिचा हात होता तोवर ते धड होतं, बंद झाल्यावर आजारलं. हिला घराबाहेर काढणार होते, तरी हिनं तोंड उघडलं नाही.” तो मनकर्णाकडे वळला. “बाळ, हे मी बोललो. तू शब्द मोडला नाहीस.”

मनकर्णाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलं नाही.

“आजींनी माझा हात धरला हुता,” ती म्हणाली. “म्हनाल्या, आप्पाला कळलं तर माझ्या फोटूला हार घालताना त्याचा हात अडंल. तेवढं हुऊ दिऊ नको.”

आप्पासाहेबांनी टोपीत तोंड लपवलं.

सकाळी मिरजगावचा भाऊ एसटीतून उतरून आला तेव्हा पत्रा निघाला होता. पाणी बदललं होतं आणि छगननं स्वतः एक रुंद दगड हौदात तिरका बसवला होता. घमेल्यात उन्हानं कोमट झालेल्या पाण्यात कासव डोकं वर धरून होतं. जगेल की नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

“पाव्हनं, जेवून जा,” आप्पासाहेब म्हणाले. “आन् एकटंच जा.”

मनकर्णा गाठोडं घेऊन बाहेर आली. “न्हाई मामा, मी जानार.”

तिनं गाठोडं भावाच्या हातात दिलं.

“पाठवता म्हनून न्हाई. मला आईला भेटायचंय. पर मला न्यायला आत्याबाईंनी यावं. मिरजगावात, समद्यांम्होरं.”

मालनबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “येईन.” घमेल्याकडे बघत त्यांनी विचारलं, “आन् तवर ह्याला कोन घालनार?”

“तुमी.”

मालनबाईंचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला आणि तिथंच थांबला. बन्सीला वाटलं, आता ह्या आत जातील. पण त्या खाली बसल्या. मनकर्णानं त्यांच्या तळहातावर भिजवलेली चिमूटभर सुकट ठेवली.

“वरनं टाकू नका, आत्याबाई. त्याला दिसत न्हाई. हात पार त्याच्या तोंडापातुर न्यावा लागंल.”

“चावतंय का?”

“चावतंय.”

मालनबाईंनी बाही वर सारली आणि हात पाण्यात घातला.