चाकांवरची शांत खोली

रुग्णालयाच्या मागच्या आवारात मोडक्या खाटा आणि गंजलेल्या चाकांच्या खुर्च्या टाकून दिलेल्या असत. त्यांच्या शेजारीच ती जुनी बस उभी होती आणि बसखालून दोन पाय बाहेर आलेले होते. बुटांना ग्रीस लागलं होतं. एक पाय आपल्याच नादात हलत होता.

"जरा बाहेर येता का?" ती म्हणाली.

पाय हलतच राहिला.

"ही बस आमच्या विभागाला मिळाली आहे. मी तिथली प्रमुख."

कसलंच उत्तर नाही. सकाळपासून संचालकांशी हुज्जत घालून तिचं डोकं आधीच तापलं होतं. ती खाली वाकली आणि जरा चढ्या आवाजात म्हणाली, "अहो, ऐकलंत का?"

तरीही शांतता. तिला राग आला... आणि रागापाठोपाठ लाज वाटली. माजी सैनिकांच्या रुग्णालयात श्रवण आणि वाचा विभाग चालवणारी बाई, गाठीशी बारा वर्षांचा अनुभव, आणि समोरच्या माणसाला ऐकू येत नाहीये हे समजायला तिला तीन हाका माराव्या लागल्या! तिने बसच्या पत्र्यावर हाताने थाप मारली.

पाय थांबला. सरपटत एक माणूस बाहेर आला. चाळिशीच्या अलीकडचा, कपाळावर काळा ओरखडा, आणि डोळे थेट तिच्या ओठांवर. ओठ वाचणाऱ्यांची ती नजर तिला चांगली ठाऊक होती. तरी आज ती किंचित गोंधळली.

"हाक मारलीत का?"

"तीनदा."

"काय म्हणून?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "शेवटची... 'अहो, ऐकलंत का' अशी होती."

त्याने हात पुसले. चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाला, "अशी हाक मला आजवर कोणी मारली नव्हती. आणि मारली तेव्हा नेमकी मला ऐकू आली नाही."

ती हसली नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर मात्र एकटीच हसली.

अकरा वर्षं तो रणगाडा चालवत होता आणि दुरुस्तही करत होता. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्याने बसच्या बॉडी बांधायचा कारखाना काढला, आणि या बसचं काम त्यालाच मिळालं होतं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, म्हणून तीही म्हणू लागली. तो तिला साहेब म्हणे. सुरुवातीला थट्टेने.

तिचा विभाग म्हणजे सहा माणसं, बाहेरचा आवाज आत न येऊ देणाऱ्या दोन आवाजबंद खोल्या, आणि जिना चढून दमलेल्या म्हाताऱ्यांसाठी तिने भांडून मिळवलेला एक सोफा. तोफांनी, इंजिनांनी, स्फोटांनी ज्यांचे कान नेले ते तिथे येत. अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेलेले येत. सहा महिन्यांच्या मेहनतीनंतर कोणी 'पाणी' असा एक शब्द उच्चारला की ती माणसं जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना ते सांगत बसत, जणू घरात पोर पहिल्यांदा बोललं. या विभागाचा तिला इतका अभिमान होता की तो लपवायलाही तिला जमत नसे.

तिला सल होता तो न येणाऱ्यांचा. नाव नोंदवून कधीच न आलेले तीनशे बारा जण. घर लांब, गुडघे दुखरे, सोबतीला कोणी नाही. फोन करावा, तर फोनवर ऐकू कुणाला येणार? म्हणून तिनेच हट्ट धरला होता की हे लोक येत नसतील तर आपण त्यांच्या दारी जाऊ. बसमध्ये एक आवाजबंद खोली बांधायची आणि गावोगाव फिरायचं.

संचालक म्हणाले होते, "दोन महिने देतो. बस चालली तर विभाग तुमचा. नाही चालली, तर तुम्हाला कान-नाक-घशाच्या खात्यात सामावून घेऊ. इतक्या खोल्या अडवून ठेवणं आता परवडत नाही."

हे तिने मिस्त्रीला सांगितलं तेव्हा तो बसच्या पायरीवर बसला होता. त्याने सगळं ऐकलं, किंवा वाचलं, आणि इतकंच विचारलं, "आत किती शांत हवं?"

"तीस डेसिबलच्या खाली."

"म्हणजे?"

"म्हणजे शेजारच्याच्या मनात काय चाललंय ते ऐकू यावं इतकं."

"हे महागात पडेल, साहेब," तो हसत म्हणाला. "माझ्या मनात बरंच काही चाललेलं असतं."

रोज दुपारी ती खाली जाऊ लागली. आधी कामासाठी. मग... कामाचं निमित्त करून. तो भिंतीत लोकरीच्या जाड गाद्या भरत असे, दाराला दुहेरी रबर लावत असे. ती आवाज मोजायचं मीटर घेऊन उभी राही. आई फोनवर विचारायची, "रोज त्या बसमध्ये काय करत असतेस गं?"

"भिंती बांधतोय, आई."

"बांधतोय? आणखी कोण आहे?"

"मिस्त्री आहेत एक."

"बरं." पलीकडे जरा विचार झाला. "म्हातारे आहेत का मिस्त्री?"

"आई, ठेवते मी फोन."

एके दिवशी विभागातली सगळ्यात धाकटी तपासनीस कॉफीचे पेले घेऊन खाली आली. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. आवाज लहान असला तरी तोंड लहान नव्हतं. "मिस्त्रीकाका, तुमचे कान मॅडमकडून तपासून घ्या की. यंत्र बसेल. मॅडमसारखं कोणी तपासत नाही."

त्याने मान हलवली. "नको. माझ्याहून वाईट हाल असलेले पुष्कळ आहेत. त्यांना द्या. इंजिन मला हाताने ऐकू येतं, तेवढं पुरे."

"यंत्र काही कोणाच्या कानातलं काढून देत नाही आम्ही," ती म्हणाली. "पण चिमणे, त्यांना मी तपासणार नाही."

त्याच्या भुवया वर गेल्या. "का बरं?"

"मी ज्यांना तपासते त्यांच्याबरोबर कॉफी पीत नाही. माझा नियम आहे."

चिमणी लगबगीने निघून गेली. त्याने आपला पेला तिच्या पेल्याला हळूच टेकवला आणि म्हणाला, "मग हे कान असेच बरे."

खोली पूर्ण झाली त्या दिवशी मीटर अडतीसवर अडकलं. दार घट्ट होतं, भिंती भरीव होत्या, तरी अडतीस. बस तपासायला संचालक दुसऱ्याच दिवशी येणार होते. मिस्त्रीने मीटरकडे पाहिलंही नाही. तो भिंतीवर तळवा ठेवून एकेक पाऊल पुढे सरकत राहिला, आजाऱ्याची नाडी बघावी तसा. एका कोपऱ्यात थांबला.

"इथे," तो म्हणाला. "पंख्याची नळी भिंतीला टेकलीय. भिंत थरथरतेय."

त्याने नळी बाजूला घेऊन मधे रबर घातलं. काटा खाली आला. एकोणतीस. मग अठ्ठावीस.

"आता दिवाही बंद करून बघू," ती म्हणाली. "त्याचीही गुणगुण असते." दिवा गेला. काटा सव्वीसवर टेकला आणि मीटरचा मिणमिणता उजेडही मावळला.

त्या काळोखात इतकी शांतता होती की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. त्याचाही. आणि कोण जाणे कसं, बारा वर्षं लोकांना 'बोला, घाबरू नका' असं सांगणाऱ्या बाईला बोलायचं धाडस आलं.

"बस बांधून झाली..." ती हळूच म्हणाली. "आता तुम्ही इथे येणार नाही. मला ते चालणार नाही, मिस्त्री. मला सवय झालीय तुमची. सवय नाही... त्याहून जास्त."

तिच्या आवाजाची नुसती चाहूल त्याला लागली असावी. मग अंधारातून त्याचा मोकळा, खुशीतला आवाज आला, "हो हो. उद्या दुपारपर्यंत रंगही होईल."

तिने डोळे मिटले. त्याला तिचे ओठ दिसत नव्हते. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असायला हवं होतं?

दिवा लागला. तिच्या चेहऱ्याकडे बघताच त्याचं हसू ओसरलं. "मघाशी काही म्हणालात का?"

"कामाचं होतं," ती म्हणाली आणि मीटर उचलून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बस पाहिली, आकडे पाहिले, खोलीत बसून दारही लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा आपोआप हळू आवाजात बोलत होते. "एक फेरी करून दाखवा," ते म्हणाले. "मग बघू."

पहिली फेरी डोंगराच्या पायथ्याच्या एका गावाला होती. चिमणीही सोबत होती. बस मिस्त्रीच चालवणार होता. नव्या बांधणीवर दुसऱ्याचा हात त्याला नको होता. वाटेत दोघं फारसं बोलले नाहीत. तो आरशातून एकदा-दोनदा मागे बघे, आणि ती नेमकी त्याच वेळी कागद चाळत असे.

गावच्या शाळेच्या मैदानात सकाळी नऊलाच रांग लागली होती. छातीवर पदकं लावून, दाढ्या करून, काठ्या टेकत एकोणचाळीस म्हातारे आले होते. ती पायरीवर उभी राहिली आणि तिचा ऊर भरून आला. तीनशे बारांच्या यादीत नुसती नावं होती; इथे माणसं उभी होती.

तिसरा नंबर एका जुन्या तोफचीचा होता. सोबत बायको. ती ठेंगणी होती आणि सगळं जग बहिरं असल्यासारखी बोलत असे. तपासणी झाली, चिमणीने यंत्रं बसवून तोफचीच्या बायकोला खूण केली, बोला.

"काय बोलू?" बायको म्हणाली.

"ओरडू नकोस," तोफची म्हणाला. "ऐकू येतंय."

बायको तशीच उभी राहिली. मग पदराने डोळे पुसत मिस्त्रीकडे वळली, कारण दारात तोच उभा होता. "नऊ वर्षं, बाबा. काही सांगितलं की 'हो हो' म्हणायचे. मुलगी रडत घरी आली तेव्हाही 'हो हो'. आपल्याला नाही ऐकू येत तर नाही, असं त्यांना वाटायचं. पण बोलणारी मी एकटी पडले होते ना."

बराच वेळ मिस्त्री दाराच्या रबरावरून अंगठा फिरवत राहिला.

दुपार कलली. ती मैदानातल्या झाडाखाली टेबल टाकून एका माजी शिपायाकडून शब्द म्हणून घेत होती. झटक्याने त्याची वाचा गेली होती. "घ..." तो म्हणायचा आणि थांबायचा. तिला घाई नव्हती. ती त्याच्याबरोबर थांबायची. चाळीस मिनिटांनी तो "घर" म्हणाला आणि सुनेने त्याचे दोन्ही हात धरले.

तोफचीची बायको अजून गेली नव्हती. टेबलापाशी येऊन तिने बसकण मारली. "हा बसवाला मघापासून तुमच्याकडेच बघत होता, डॉक्टरीणबाई. तुमचा कोण हा?"

ती कागद गोळा करत होती. बस पाठीमागे होती, पंचवीस-तीस पावलांवर. इतक्या अंतरावरून त्याला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं, म्हणून ती मनातलं बोलून गेली, एरवी बोलली नसती इतक्या हळू.

"माझा व्हावा असं मला वाटतं, मावशी. पण त्यांना अजून विचारलं नाही."

"मग विचारा की," पाठीमागून आवाज आला.

ती वळली. मिस्त्री चार पावलांवर उभा होता. दोन्ही कानांमागे बारीक करडी यंत्रं होती. बसच्या दारात चिमणी उभी होती, तोंडावर हात दाबून.

"चिमणीने तपासलं," तो म्हणाला. "तुमचा नियम मोडलेला नाही." मग त्याचा आवाज उतरला. "त्या दिवशी अंधारात तुम्ही काही म्हणालात. मी उगीच 'हो हो' केलं. तुमचा चेहरा बघितला तेव्हाच कळलं होतं की काहीतरी मोलाचं हुकलं. पण विचारायची हिंमत होईना. आज त्या मावशी बोलल्या आणि... मला तुम्हाला एकटं बोलायला लावायचं नाही, साहेब. म्हणून आत जाऊन बसलो."

तिला शब्दच सुचेना. वाचा विभागाची प्रमुख, आणि वाचा बसलेली.

"सावकाश," तो म्हणाला. तिचंच वाक्य, तिच्याच सुरात. "घाई नाही."

"माझे व्हाल?" तिने विचारलं.

"होईन. केव्हापासूनच आहे."

रांगेत खळबळ उडाली. "काय म्हणाल्या?" एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं. "कोणाचं काय झालं?" दुसऱ्याने विचारलं. काहींना यंत्रं मिळायची होती, ज्यांना मिळाली होती ते लांब सावलीत बसले होते, आणि कोणालाच नीट ऐकू आलं नव्हतं.

तिच्या कानशिलांपर्यंत लाली चढली होती. पण लपावं असं तिला वाटलं नाही. ती रांगेसमोर आली. चेहरा उजेडाकडे, शब्द सुटे सुटे, आवाज स्वच्छ... बहिऱ्या माणसाशी कसं बोलावं हे तिने शेकडो घरांना शिकवलं होतं, अगदी तसं.

"ही बस यांनी बांधली," ती म्हणाली. "आणि हे माझे होणार आहेत. सगळ्यांना कळलं का?"

कळलं. एकोणचाळीस जणांना एकदम. कोणी काठी आपटली, कोणी टाळी वाजवली, आणि जुना तोफची, ज्याला आज सगळं ऐकू येत होतं, कडक सलाम ठोकून उभा राहिला. मिस्त्रीने पाठ ताठ करून त्याला तसाच सलाम केला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं... ओठांकडे नाही, या वेळी डोळ्यांत.

"चला," ती म्हणाली. तिचा आवाज जरा कापरा होता आणि मान अगदी वर होती. "अजून अकरा जण राहिलेत. पुढचा नंबर कोणाचा?"