गिरक्या घेणारा ड्रोन

"मावशी, तो परत गिरक्या घेतोय!" भिंगरी जिवाच्या आकांतानं ओरडली.

नदीवरच्या जुन्या पुलाशेजारी ड्रोन खरंच गोल गोल फिरत होता. आधी ताटाएवढी गिरकी, मग खोलीएवढी. बादलीतलं पाणी काठीनं ढवळावं तसा तो फिरत फिरत पुलाच्या दगडी खांबाकडे सरकत होता!

मावशीनं ड्रोनचं आपोआप दिशा आणि जागा सांभाळणं बंद केलं आणि नुसत्या दोन अंगठ्यांच्या बळावर त्याला ओढत, सावरत, काठावरच्या गवतात उतरवलं. पंखे थांबले. मावशी मात्र आपल्या अंगठ्यांकडेच बघत राहिली.

"काल तेच, आज तेच," पुलाचं काम बघणाऱ्या इंजिनिअरबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण कपाळावरची आठी काही जात नव्हती. "मला खांबांचे जवळून फोटो हवेत हो. पाण्यालगतचा दगड कसा आहे ते कळल्याशिवाय पूल धड आहे की नाही, मी कशी सांगू? यावरून शाळेच्या बस जातात. उद्या सकाळी जमलं नाही, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"उद्या जमेल," मावशी म्हणाली. "नाहीतर मी रिमोट खाली ठेवीन. कायमचा."

भिंगरी धावत जाऊन गवतातला ड्रोन उचलून घेऊन आली.

आकाशातून फोटो काढणं हा मावशीचा व्यवसाय. शेतं, छपरं, मनोरे, पूल... जिथे माणसाला चढणं धोक्याचं, तिथे मावशीचा ड्रोन. भिंगरी सुट्टीत तिच्याकडे आली होती, शेपटासारखा धाकटा भाऊ मागे लावून. म्हणून त्याचं नावच शेपूट! घरात एका जागी न टिकणाऱ्या भिंगरीला मावशीनं मुद्दाम 'नजर'चं काम दिलं होतं. उडवणाऱ्याचे डोळे स्क्रीनवर असतात, तेव्हा खरा ड्रोन आणि त्याच्याभोवतीचं आकाश कुणीतरी सतत बघत राहावं लागतं. ते काम म्हणजे 'नजर'. ऐकून सगळे हसले होते. मावशी हसली नव्हती.

गाडीत बसल्यावर मावशी पुटपुटली, "पूल दगडी आहे, म्हणजे लोखंडाचा त्रास नाही. वारा बघितला. परवानगी घेतली. बॅटऱ्या नव्या. मग उरलं काय? माझे हात."

"हात नाहीत!" भिंगरी ठासून म्हणाली.

"कशावरून?"

याचं उत्तर मिळवल्याशिवाय आपण गप्प बसायचं नाही, हे भिंगरीनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

गाडी चालवणारे काका आरशातून बघत म्हणाले, "होईल हो, होईल! उद्या आपोआप होईल." मावशीचं सामान बांधायचं, लावायचं, आवरायचं काम त्यांच्याकडे. काहीही विचारा, 'होईल'! म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं होईलकाका.

दुपारी मावशी आत पडून राहिली. ती दिवसा कधी पडत नसे. मुलं मागच्या कामाच्या खोलीत शिरली. भिंतीवर मापानुसार टांगलेले पंखे, आग न लागणाऱ्या पिशव्यांत ठेवलेल्या बॅटऱ्या, खिळ्याला हेल्मेटं. सगळं कसं जिथल्या तिथे.

"बोला!" मावशीचा मुलगा म्हणाला. तो कुजबुजला तरी शेजारच्या घरात ऐकू जाई, म्हणून तो भोंगा.

"हळू रे! मावशी उठेल," भिंगरी म्हणाली. "मला सांग, गेल्या आठवड्यात अंगणात उडवला तेव्हा कसा उडाला?"

"एकदम शहाण्यासारखा! आई म्हणाली 'थांब', की हवेत खिळा ठोकल्यागत थांबायचा."

"म्हणजे ड्रोन तोच, हात तेच. मग पुलापाशीच काय बिनसतं?"

"त्याला नदीची भीती वाटते," शेपूट म्हणाला.

"तू गप रे!" भोंगा म्हणाला. मग एकदम डोकं खाजवायला लागला. "ए, थांब. आईनं एकदा सांगितलं होतं. ड्रोनच्या पोटात एवढंसं होकायंत्र असतं. आपण कुठे आहोत ते त्याला वरचे उपग्रह सांगतात, आणि तोंड कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्र सांगतं. होकायंत्र चुकलं, तर बिचारा पुढे जायला बघतो आणि जातो भलतीकडे. मग चूक सुधारायला वळतो, तर आणखी भलतीकडे!"

"आणि गोल गोल फिरत बसतो!" भिंगरी टुणकन उठली. "भोंग्या, तुझ्याकडे शाळेच्या सहलीतलं होकायंत्र आहे ना? पळ!"

पुलाकडे जाणारी एकूण एक वस्तू तपासायची, असं ठरलं. होकायंत्र जवळ नेऊन बघायचं, काटा हलतो का. बॅटऱ्यांची पेटी? काटा ढिम्म. मावशीची घडीची खुर्ची? जरासा कलला, पण लांब नेताच जागेवर. हेल्मेटं, दोरी, पाण्याची बाटली? काहीच नाही.

"सोडून देऊ या का?" भोंगा घामाघूम होऊन म्हणाला.

"तुला सोडायचं तर सोड. मी गाडीपाशी चाललेय."

गाडीच्या मागच्या दाराला आतून ड्रोनची नारिंगी मॅट लटकत होती. ड्रोन धुळीत उतरू नये म्हणून जमिनीवर अंथरायची ती गोल मॅट. तिला ना खुंटी, ना दोरी. नुसती पत्र्याला चिकटून राहिलेली!

भिंगरीनं ती ओढून काढली, गाडीपासून लांब गवतात नेऊन टाकली आणि होकायंत्र कडेशी धरलं. काटा गर्रकन फिरला.

"तो वेडा झाला!" शेपूट किंचाळला.

मॅटच्या शिवणीत जागोजागी टणक काहीतरी हाताला लागत होतं. भिंगरी आणि भोंग्यानं एकमेकांकडे बघितलं. लोहचुंबक!

"अंगणात मावशी मॅट अंथरतच नाही," भिंगरी म्हणाली. "लाकडी खोक्यावरून उडवते!"

तेवढ्यात होईलकाका आले. "काय रे, काय उद्योग चाललाय? ठेवा ती मॅट."

"काका, या मॅटला कुणी काही केलंय का?" भोंग्यानं विचारलं.

"छे! मी कशाला काय करू? आली तशी आहे."

भिंगरीनं भोंग्याला कोपरानं ढोसलं आणि चेहरा एकदम भोळा केला. "काका, उद्या वारा फार आहे म्हणे. चारी बाजूंनी खुंट्या ठोकायला आम्ही येऊ? नाहीतर मॅट उडून नदीत जायची!"

"उडते कशी!" काका छाती फुगवून म्हणाले. "त्या खुंट्या ठोकून ठोकून माझी कंबर गेली. मग परवा केला मी कायमचा बंदोबस्त. जुन्या स्पीकरांतली लोहचुंबकं कडेनं शिवून टाकली! वजनही होतं आणि दाराला चिकटूनही राहते. आहे की नाही डोकं?"

"काय शिवलं म्हणालात?"

घराच्या दारात मावशी उभी होती. झोपेनं विस्कटलेले केस, पण डोळे लख्ख जागे.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई, मी... उडू नये म्हणून..."

मावशीनं होकायंत्र हातात घेतलं, मॅटवर फिरवून बघितलं, आणि गाडीच्या पायरीवर बसली. "रोज सकाळी मोकळ्या गवतात उभी राहून मी ड्रोनचं होकायंत्र जुळवते. स्क्रीन म्हणते 'ठीक'. आणि मग तुम्ही त्याला उचलून याच्यावर ठेवता, काका. तिथेच तो चुकीची दिशा धरतो आणि तीच घेऊन उडतो. आज तो खांबावर आदळून पुलाखालून होडी नेणाऱ्या नावाड्याच्या डोक्यात पडला असता तर?"

काका म्हणाले, "चुकलो, ताई. असं काही होईल, हे डोक्यातच आलं नाही."

"आणि उडवण्याआधी मॅट उलटून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. तेवढी चूक माझी," मावशी म्हणाली. "आता कात्री आणा. आणि यापुढे सामानात काहीही बदललं, अगदी दोरीची गाठ बदलली, तरी आधी मला सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी होईलकाका कंबरेवर हात न ठेवता खुंट्या ठोकत होते. नावाडी काठावर थांबवला होता. पुलाच्या दोन्ही तोंडांशी इंजिनिअरबाईंची माणसं उभी होती.

"पंखे?" मावशीनं विचारलं.

"घट्ट!" भोंग्याचा आवाज नदीपार गेला.

"खाली माणसं?"

"कुणी नाही!"

"आकाश?"

भिंगरीनं घाईनं उत्तर दिलं नाही. सावकाश चारी दिशांना बघितलं. "मोकळं!"

ड्रोन उठला. डोक्याएवढ्या उंचीवर थांबला. गिरकी नाही! मावशीनं पुढे नेला, पुढे गेला. थांबवला, थांबला. एकेक खांब स्क्रीनवर येऊ लागला. दगड, सांधे, ओलं शेवाळ, सगळं स्वच्छ. इंजिनिअरबाई स्क्रीनवर वाकून बघत राहिल्या.

"आता तो शेवटचा, पलीकडचा," त्या म्हणाल्या. "मला त्याचीच धास्ती आहे."

भिंगरीचे डोळे ड्रोनवरच होते. पलीकडच्या झाडावरून काहीतरी सुटलं. रुंद पंखांचं, तपकिरी, नेमकं ड्रोनच्या रोखानं.

बोलू की नको? मावशीला आजच जमायला हवं होतं. एकच खांब उरला होता.

"घार!" भिंगरी ओरडली. "उजवीकडून! मावशी, खाली!"

मावशीनं मान वर केली नाही, 'कुठे' म्हणून विचारलंही नाही. ड्रोन मागे फिरला आणि सरळ मॅटवर येऊन टेकला. घार वरून सपकन निघून गेली.

"अहो, एकच खांब राहिला होता!" इंजिनिअरबाई म्हणाल्या.

"राहू दे. घार जाईपर्यंत थांबू."

सगळे थांबले. शेपटानं तेवढ्यात दोनदा "आता?" विचारलं आणि दोन्ही वेळा भिंगरीनं मान हलवली. घार गोल गोल चढत लांब टेकडीमागे गेली, तेव्हाच ती म्हणाली, "मोकळं!"

शेवटचा खांब स्क्रीनवर आला आणि इंजिनिअरबाईंनी मावशीचा खांदाच घट्ट धरला. पाण्यालगतचे दगड निखळून गेले होते. खांबाच्या पोटात माणूस बसेल एवढी पोकळी, आणि तिच्यातून वर गेलेली चीर!

बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. "पूल बंद करा. हो, आत्ता! एकही बस सोडू नका."

दूरवर पुलाच्या तोंडाशी लाल निशाण फडकलं. एक पिवळी बस थांबली, हळूहळू मागे सरली आणि वळून लांबच्या रस्त्यानं निघून गेली. खिडक्यांतली मुलं कंटाळून बाहेर बघत होती.

बाई मुलांसमोर येऊन उभ्या राहिल्या. होईलकाकांनीच त्यांना मॅटची सगळी हकिगत सांगितली होती, स्वतःची चूक न लपवता. "शाबास रे पोरांनो! त्या बसमधल्या मुलांना हे कधी कळणारही नाही. मला मात्र कळलंय." मग भिंगरीकडे बघत त्यांनी मावशीला विचारलं, "ही कोण तुमची?"

"भाची."

"ते नव्हे हो. इथे, कामावर कोण?"

मावशीनं भिंगरीच्या कपाळावरचे घामेजलेले केस मागे सारले.

"हिनं 'खाली' म्हटलं की मी न विचारता उतरते," ती म्हणाली. "कामावर ही एवढी मोठी आहे."