द्वारकाबाईंनी सुचवलेला विमानतळ

लग्नाला बरीच वर्षं उलटून गेल्यावर सायलीला दिवस राहिले, आणि पुंडलिकनगरातल्या तिच्या माहेरी आनंदीआनंद झाला. तिच्या आईनं, सारजाबाईंनी, त्याच संध्याकाळी गल्लीभर पेढे वाटले. लेक तिकडं नॉर्वेत, बर्गन गावी. जावई इंद्रजीत तिथंच बोटींच्या कारखान्यात इंजिनियर. बाळंतपणाला आई हवीच. पण सायलीचे वडील काकासाहेब यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काठी घेतल्याशिवाय त्यांना फाटकापर्यंत जाता येत नव्हतं. म्हणजे सारजाबाईंनाच एकटीनं जायचं होतं, आणि त्या आजवर एकट्या पैठणच्या पुढं गेल्या नव्हत्या.

मुंबईहून बर्गनला थेट विमान नाही. युरोपात कुठंतरी उतरायचं आणि दुसरं विमान धरायचं. कुठं उतरायचं, यावर घरात रोज वाद झडू लागला. काकासाहेबांनी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात उभी नोकरी घालवलेली, त्यामुळं या बाबतीत आपल्याला विचारलंच पाहिजे असं त्यांचं म्हणणं. जर्मन माणूस शिस्तीचा, म्हणून फ्रँकफर्ट, हा त्यांचा निकाल. शेजारची मोनिका गारखेड्यात विमानतिकिटांचं ऑफिस चालवायची. तिनं समजावलं की फ्रँकफर्ट अफाट मोठं, कधीकधी एका इमारतीतून दुसरीत जायला छोटी रेल्वे धरावी लागते, आणि काकूंना इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत. अ‍ॅमस्टरडॅमला सगळं एकाच छताखाली, पण चालणं फार. शिवाय पासपोर्टची तपासणी त्या मधल्या विमानतळावरच होणार, तेव्हा दोन विमानांमधे वेळ कमी पडून चालणार नाही. फार जास्त असला, तर बाई एकटी बसून राहणार. व्हीलचेअर मागवू का, असं तिनं विचारलं मात्र, सारजाबाई रुसल्या. ऑपरेशन नवऱ्याच्या गुडघ्याचं झालं होतं, त्यांच्या नाही.

अशाच एका दुपारी काकासाहेब घोरत होते आणि सारजाबाई स्वयंपाकघरात डिंक तळत होत्या, तेव्हा फोन वाजला. पडद्यावर नंबर नव्हता, नाव नव्हतं.

"सारजाबाई ना?" पलीकडून एक बाई हळू आवाजात म्हणाली. "मी द्वारकाबाई. हर्सूलची. तुम्ही अ‍ॅमस्टरडॅमच घ्या. समदं एका छताखाली हाय. मी दाखवते ना वाट…"

मोनिकानंच हिला नंबर दिला असणार, असं सारजाबाईंनी धरून घेतलं. आपल्याच बोलीतली बाई, त्यात तिकडं जाऊन आलेली. मग काय, गप्पा रंगल्या. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की बाईच्या आवाजामागं एक मोठी, पोकळ जागा आहे. गुळगुळीत फरशीवरून बॅगांची चाकं घरंगळत होती. मधूनच एक गोड घंटा वाजायची आणि कुणीतरी परक्या भाषेत संथपणे काही सांगायचं.

त्यानंतर फोन रोज दुपारी येऊ लागला. तपासणीच्या रांगेत कुठं उभं राहायचं, साहेबानं विचारलं तर काय सांगायचं, बसायला बाक कुठं, सगळं द्वारकाबाईंनी सांगितलं. सारजाबाई मग लाडू वळता वळता ‘डॉटर, बेबी, डॉटर, बेबी’ असं घोकायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. फार वर्षांनी त्यांना शाळेत जाणाऱ्या मुलीसारखं वाटत होतं.

एकदा त्यांचे हात पिठात होते म्हणून फोन काकासाहेबांनी उचलला. त्यांना कुणाचं बोलणं ऐकू आलं नाही. फक्त ती चाकं, ती घंटा… आणि अगदी कानापाशी, कुणाचा तरी श्वास. घाई नसलेला. त्यांनी दोनदा हॅलो म्हटलं, मग फोन ठेवला आणि पाहिलं, तर आलेल्या फोनमधे त्याची नोंदच नव्हती. रेंजचा घोटाळा असेल, असं ते म्हणाले. पण संध्याकाळी, का कुणास ठाऊक, फ्रँकफर्टचं नावही न काढता, त्यांनी मोनिकाला अ‍ॅमस्टरडॅमचं तिकीट काढायला सांगितलं. सारजाबाईंनी मोनिकाजवळ द्वारकाबाईंची चौकशी केली. तिनं कुणालाच नंबर दिला नव्हता. या नावाची बाई तिला ठाऊकही नव्हती.

सारजाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. उद्या फोन आला की स्पष्टच विचारू, असं त्यांनी ठरवलं. पण तिकीट निघालं होतं. फोन पुन्हा आला नाही.

अ‍ॅमस्टरडॅमला विमान सकाळी उतरलं. काचेच्या लांबच लांब वाटेवर करडा उजेड पडला होता. कॉफीचा आणि फरशी पुसायच्या साबणाचा वास येत होता. बरोबरची माणसं भराभरा पुढं गेली, बॅगांच्या चाकांचा आवाज विरत गेला, आणि सारजाबाई त्या वाटेवर एकट्या उरल्या. मग ती घंटा वाजली. हुबेहूब तीच. त्यांचे पाय थबकले.

वळणावरच्या बाकावरून एक बाई उठली. हिरवं इरकल, वर मरून स्वेटर, पायात पांढरे बूट.

"आलात?" ती म्हणाली. "चला. उशीर नाय झाला."

बोबडी वळावी अशी ती वेळ. पण त्या परमुलखात आपली भाषा कानावर पडली आणि सारजाबाईंना, भीती वाटायच्या आधीच, बरं वाटलं. त्या निघाल्या. तपासणीच्या खिडकीत साहेबानं विचारलं, त्यांनी ‘डॉटर, बेबी’ म्हटलं, तो हसला आणि त्यानं पासपोर्ट परत दिला. द्वारकाबाई त्याच्या शेजारून चालत पलीकडं गेल्या. त्यानं मान वर करून पाहिलं नाही.

पुढं एक आपोआप उघडणारं काचेचं दार होतं. द्वारकाबाई दोन पावलं पुढं चालत होत्या. त्या दाराशी पोचल्या. दार उघडलं नाही. त्या तशाच, काचेला नाक लागेल इतक्या जवळ, गुमान उभ्या राहिल्या. सारजाबाई मागून आल्या तेव्हा कुठं दार सरकलं.

"माझ्यासाठी नाय उघडत ते," द्वारकाबाई खाली बघत म्हणाल्या.

सारजाबाईंनी पळावं म्हटलं तर वाट फक्त या बाईला माहीत. त्या मुकाट्यानं चालत राहिल्या, प्रत्येक दार त्यांच्यासाठी उघडत राहिलं आणि द्वारकाबाई त्यांच्या पदराला धरल्यासारख्या, अंग चोरून बरोबर येत राहिल्या. बर्गनच्या विमानाचं गेट आलं. तिथल्या खुर्चीत टेकल्यावर सारजाबाईंनी कसाबसा धीर गोळा केला.

"तुम्ही… कुणाकडं निघाला होता?"

"लेकीकडं. पहिलं बाळंतपण होतं तिचं." द्वारकाबाईंनी आपल्या पांढऱ्या बुटांकडं पाहिलं. "लई चालणं झालं. दम लागला म्हणून त्या बाकावर जरा टेकले… मग कुणी उठवलंच नाय."

"आणि लेक? बाळंत झाली?"

"झाली असंल. मला कोण सांगणार?"

विमानात बसायची घोषणा झाली. लोक उठून रांगेत लागले. द्वारकाबाई उठल्या नाहीत. त्या नुसत्या सारजाबाईंकडं पाहत होत्या.

"मला नेता का हो?" त्या म्हणाल्या. "बाळ बघते… फक्त बघते."

सारजाबाईंना त्यांची सासू आठवली. बाळंतिणीच्या खोलीत तिन्हीसांजेला परक्या माणसाला ती येऊ देत नसे. आणि ही तर… घरात ओली बाळंतीण असणार, कोवळा जीव असणार. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण समोर भूत दिसेना. दिसत होती ती लेकीच्या वाटेवर अडकलेली एक आई, लाडूंच्या पिशवीकडं पुन्हा पुन्हा बघणारी. आपल्याला असं बाकावर बसून राहावं लागलं असतं तर?

"चला," सारजाबाई म्हणाल्या. "पण बाळाला आधी मी घेणार."

द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

विमानात शेजारची जागा रिकामीच राहिली. सारजाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, डोंगर पाहिले, समुद्राचं पाणी जमिनीत शिरलेलं पाहिलं. एकदा मान वळवून हळूच हाक मारली. मग त्यांना गाढ झोप लागली.

बर्गनला इंद्रजीत धावतच समोर आला. पहाटेच सायली मोकळी झाली होती. मुलगी. दोघी सुखरूप. सारजाबाईंनी तिथंच, सगळ्यांच्या देखत, जावयाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. रडू आणि हसू एकदमच आलं. इंद्रजीतनं काकासाहेबांना फोन लावून दिला, तर तिकडं मोनिकासकट निम्मी गल्ली जमलेली. सगळे एकाच वेळी बोलत होते.

सामान डिकीत गेलं. सारजाबाई पुढं बसल्या. गाडी सुरू झाली आणि टिंग टिंग असा आवाज येऊ लागला. मागं कुणी पट्टा न लावता बसलं की तसं वाजतं, इंद्रजीत म्हणाला, आणि त्यानं मागं पाहिलं. मागं काहीच नव्हतं. त्यानं गाडी बंद करून पुन्हा चालू केली. पुन्हा टिंग टिंग. सकाळपर्यंत तर ठीक होती, तो पुटपुटला.

"थांबा जरा," सारजाबाई म्हणाल्या. त्या खाली उतरल्या, मागचं दार उघडलं, पट्टा ओढून घेतला आणि खटकन लावून टाकला. आवाज थांबला. इंद्रजीत काही विचारणार होता, पण बाळाचं नाक कुणासारखं आहे हे सांगायची त्याला त्याहून घाई होती.

गाडी दवाखान्याच्या रस्त्याला लागली. लाल कौलांची घरं मागं पडत होती, ऊन स्वच्छ पडलं होतं, आणि जावई नावांची यादी सांगत होता. सारजाबाईंनी हसत हसत एकदा मागं वळून पाहिलं.

पट्टा सीटला टेकलेला नव्हता. कुणाच्या तरी पोटावरून जावा तसा तो पुढं आला होता, ताणलेला… आणि सावकाश, एका लयीत, वर-खाली होत होता.