भावजींसाठी धरलेली जागा

ही गोष्ट खरी आहे. शपथ घेणार नाही. या पेजवर शपथा इतक्या झाल्यात की त्यांचं आता कोणाला काही वाटत नाही. एवढंच सांगते की घर माझं आहे, माणसं माझी आहेत, आणि ते मशिन मी माझ्या हातांनी उघडलं होतं.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

मागच्या वर्षीचा मार्च. सतरा तारीख, सोमवार, दुपारचे सव्वाबारा. सोलापूर, अक्कलकोट रोडच्या आत, यंत्रमागांची गल्ली. आमच्या दोन्ही बाजूंना माग. सकाळपासून नुसता खडखडाट. फक्त जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास ते थांबतात आणि गल्ली एकदम गप्प होते. मला जे ऐकू आलं ते त्या अर्ध्या तासात.

आधी माणसं सांगते.

माझे मालक जोतिराम आणि धाकटे दीर बिरुदेव. मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरांच्या घरातले. आजा घोंगडी विणायचा. या दोघांनी शहरात येऊन चादरींची डिझाइनं काढायला घेतली. मालक फुलं, मोर, किनार काढायचे. भावजी त्या चित्राचे उभे-आडवे धागे बसवायचे. एक टेबल, दोन खुर्च्या, बावीस वर्षं. भावजींनी लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "दादानं मला मोकळं सोडलं की करतो की, वैनी."

आमचं मशिन, म्हणजे कॉम्प्युटर, पुण्याच्या कुठल्याशा लिलावातलं. दोन प्रोसेसरचं. आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर नव्या मशिनवर चालत नाही, त्यामुळे त्या म्हाताऱ्याला जगवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी बारावी नापास. पहिल्यांदा झाकण उघडलं ते आत गेलेलं झुरळ शोधायला. मग हात बसत गेला. आता गल्लीत कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला की मलाच हाक येते.

या दोन प्रोसेसरवाल्या जुन्या मशिनचं एक असतं. प्रोसेसर जोडीनं जुळावे लागतात. कंपनी सारखी, वेग सारखा, पाठीवरचा बारीक कोडसुद्धा सारखा. जरा वेगळा लावला की मशिन रुसतं. पत्रिका परवडली.

आणि दुसरं. जोडीतला एक गेला तर त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. तिथं डमी कार्ड बसवावं लागतं. डमी म्हणजे नुसती हिरवी पट्टी. तिच्यात प्रोसेसर नाही, तिला पंखा नाही, ती कधी तापत नाही. रस्ता इथं संपला, एवढं मशिनला कळावं म्हणून ती उभी असते.

तीन मार्चला भावजी गेले. खुर्चीतच. टेबलावर डोकं टेकवलं, आम्हाला वाटलं डुलकी लागली.

गावाकडं दिवसकार्य उरकून आम्ही परत आलो. सतरा तारखेला मशिन लावलं तर सुरू होईना. उघडलं. भावजी बसायचे त्या बाजूचा प्रोसेसर जळालेला. बंद घरात विजेचा झटका बसला असेल, असं मी तेव्हा म्हटलं. आजही तसंच म्हणते.

तो काढला. डमी बसवलं. मालक दूध आणायला गेले होते. घरात मी एकटी.

तिथं माझी चूक झाली.

कुठलाही भाग बसवला की मी त्याला हळदकुंकवाचं बोट लावते, खंडेनवमीला हत्यारांना लावतात तसं. सवयच आहे. त्या पट्टीलाही लावलं. डोळे भरून आले होते. तोंडातून निघून गेलं...

"भावजी, तुमची जागा धरून ठेवलीय हो."

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, तेवढ्याच मायेनं.

रुमाल टाकला की माणूस येऊन बसतो. हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर पहिल्या ओळी आल्या. मेमरी किती. डिस्क किती. प्रोसेसर किती...

दोन.

जुनी नोंद राहिली असेल म्हणून बंद करून परत लावलं.

दोन.

तेवढ्यात माग थांबले. गल्ली गप्प झाली. आणि त्या शांततेत मला पेटीतले पंखे ऐकू आले. एक खऱ्या प्रोसेसरचा. आणि एक... डमीच्या बाजूचा.

तिथं पंखाच नव्हता.

मी पट्टीला बोट लावलं. ताप आलेल्या लेकराचं कपाळ लागतं, तशी ती लागली. मी बोट लगेच काढलंही नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

मालकांना काही बोलले नाही. दोन दिवसांनी तेच बोलले. सकाळी त्यांनी पोपटांची किनार काढून ठेवली होती. धागे बसवायचे राहिले होते. जेवून येऊन बघतात तर धागे बसलेले. भावजींची एक खोड होती, नजर लागू नये म्हणून कोपऱ्यात एक धागा जास्तीचा सोडायचे. तो धागाही जागेवर.

"बिरू बसलाय," मालक म्हणाले. मीठ मागावं तसं.

मी तेव्हाच ती पट्टी उपटायला हवी होती. पण त्या दिवशी मालक भावजी गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले होते. मी वर भाकरी वाढली.

एप्रिल लागेपर्यंत मालक त्या खुर्चीतून उठेनासे झाले. दुपारी घटकाभर पडायचे, तेवढंच. मशिन बंद करू देईनात. बेचाळीस डिग्रीत डोक्यावरचा पंखा बंद करून बसायचे, कारण त्याच्या आवाजात 'तो' पंखा ऐकू येत नाही. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले. सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट असे चांगले की माझ्यापेक्षा तेच ठणठणीत.

शेजारच्या काशम्मा एक दिवस भिंतीवरून म्हणाल्या, "रुपाली, तुझा माणूस वाळवणागत व्हायलाय बघ. दिसतंय की नाही तुला?"

दिसत होतं. मला एकच हवं होतं. माझा माणूस त्या खुर्चीतून उठायला हवा होता. घरात, माझ्याकडे यायला हवा होता.

मी माझ्या बुद्धीनं विचार केला. डमी आहे म्हणून हे आहे. तिथं खरा प्रोसेसर बसवला की जागा भरली. मग कोणी कशाला येईल?

जुळणारा मिळायला दोन-तीन आठवडे गेले. शेवटी कुर्डुवाडीच्या गुंडा भंगारवाल्याकडे सापडला. मी फोनवर त्याच्याकडून तो कोड तीनदा वाचून घेतला. तो वैतागून म्हणाला, "ताई, लगीन जमवायलाय का काय?"

अक्षर न् अक्षर जुळलं. माझ्याकडच्या एका सुट्या बोर्डावर लावून पाहिला. छान चालला.

चोवीस एप्रिल. दुपारी मालक आत पडलेले. माग थांबलेले. मी पाच आठवड्यांत पहिल्यांदा मशिन बंद केलं. डमी काढलं. नवा प्रोसेसर बसवला. बटण दाबलं.

एक.

खरे प्रोसेसर दोन. दोन्ही चालू. जुळलेले. स्क्रीनवर मात्र एक.

जागा बदलून लावले. एक.

मागं काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला...

मालक दारापर्यंत आले होते आणि चौकटीला धरून खाली बसत चालले होते. ओठ पांढरे. हात धरला तर गार. एप्रिलमध्ये, सोलापुरात, गार. बोलता येईना, नुसते माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत होते.

मी विचार केलाच नाही. हातांनीच केलं सगळं. खरा काढला, डमी घुसवलं, बटण.

दोन.

मालकांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले,

"रुपे, एकदा धरलेल्या जागंवर दुसऱ्याला कशाला बसवतीस?"

मी ते वाक्य बोलले तेव्हा ते डेअरीवर होते. घरात कोणी नव्हतं. ते वाक्य मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. आज इथं पहिल्यांदा लिहितेय.

लोक म्हणतील, मांत्रिक आणायचा. कोणाविरुद्ध आणायचा? माझ्या बाळंतपणात सांगोल्याहून दुधाची शेळी एसटीतून घेऊन आलेला माणूस तो. कंडक्टरशी भांडून, शेळीचं तिकीट काढून. भावजी वाईट नव्हते. हीच तर माझी अडचण. वाईट असते तर भांडले असते.

म्हणून मी विनवलं. मालक झोपले असताना पेटीपाशी बसून म्हटलं, "भावजी, तुमच्या वैनीचं एवढं ऐका. मी नकळत बोलले. उठा आता. माझा माणूस मला द्या."

डमीच्या बाजूचा पंखा हळू झाला...

थांबला.

मी श्वास धरला. आणि मला कळलं की आतल्या खोलीतलं घोरणंही थांबलंय.

"राहू द्या," मी म्हटलं. "राहू द्या भावजी, बसा."

पंखा फिरला. आत मालकांनी कूस बदलली.

त्यानंतर माझं एकच काम उरलं. ते मशिन बंद पडू द्यायचं नाही. यूपीएसला दुसरी बॅटरी लावली. बोर्डावरच्या बारीक नळकांड्या, ते फुगलेले कपॅसिटर, रोज टॉर्चच्या उजेडात बघायचे, देवाला बघावं तसे. उकाड्यात गरम होऊ नये म्हणून बाजूचं झाकण काढूनच ठेवलं. पंचवीस वर्षांचं यंत्र ते. किती दिवस?

एकोणीस मे. पावणेबाराला गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला.

माग थांबले. सगळं थांबलं. फक्त यूपीएस वाजत होता. आधी सावकाश. मग घाईनं. मी काशम्मांचा इन्व्हर्टर मागायला धावले. दोघींनी तो उचलून दारापर्यंत आणला आणि यूपीएसचा आवाज एक लांब सूर काढून बंद झाला.

मालक खाटेवर पडलेले. काशम्मा डॉक्टरला आणायला पळाल्या. मी मालकांच्या छातीवर हात ठेवून बसले. श्वास होता की नव्हता, मला आजही नक्की सांगता येत नाही. इन्व्हर्टर दारात पडला होता. तो जोडायला उठायचं म्हणजे हात काढावा लागणार होता. मला हात काढवला नाही. अकरा मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

मग लाइट आली. मशिन आपोआप सुरू झालं. मी तिथूनच मान वळवून स्क्रीन पाहिली.

एक.

उठले. उघड्या बाजूनं आत पाहिलं. खऱ्या प्रोसेसरचा पंखा थांबलेला होता. हात लावला. माठासारखा गार.

पण मशिन चालू होतं. पंख्याचा आवाज येत होता... पलीकडून. हिरव्या पट्टीकडून.

माझ्या मागं खाट करकरली.

"वैनी..."

आवाज मालकांचा. तोंड मालकांचं. मला बघून त्यांनी पाय आखडून घेतले, उठून बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं. मान खाली.

"वैनी, वाईच पाणी देता?"

सव्वीस वर्षांच्या संसारात मालक मला कधी 'देता' म्हणाले नाहीत.

डॉक्टर म्हणतात, भावाच्या जाण्याचा धक्का आहे, डोक्यावर परिणाम झालाय, हळूहळू सुधारेल. असेलही. बाकी तब्येत उत्तम आहे. वजन भरलं. काशम्मा दृष्ट काढायला सांगतात. ते बाहेरच्या खोलीत झोपतात. आपलं ताट आपण उचलतात. माझ्याकडे नजर वर करून बघत नाहीत, माझ्या हाताला हात लागला तर दचकतात. फुलं काढत नाहीत, नुसते धागे बसवतात. पूनमशी, म्हणजे आमच्या पुण्याच्या लेकीशी, फोनवर नीट बोलतात. ठेवताना म्हणतात, काकाला विसरू नगं. तिला वाटतं बाबांना भावाची आठवण येते. ती रडते.

मशिन चालूच आहे. बंद करायची माझी हिंमत नाही. आता ते कोणासाठी चालू ठेवतेय, हे मी स्वतःला विचारत नाही.

रोज दुपारी माग थांबले की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येतात. आत येत नाहीत. खाली बघत विचारतात, "वैनी, दादा कुटं गेलाय?"

मी सांगते, सांगोल्याला गेलेत, येतील. ते मान हलवतात आणि जातात. दहा महिने झाले. खोटं बोलताना आता मी अडखळतही नाही.

काल मात्र ते गेले नाहीत. उंबऱ्याशी उभे राहिले.

"येणार हाय म्हणता," ते हळूच म्हणाले, "मग रोज रडता कशाला?"

तेवढ्यात बाजूचे माग सुरू झाले. बरं झालं. ऐकू आलं नाही, असं दाखवता आलं.