दाराशी राहिलेलं

ओपीडीत शिकायला आलेल्या प्रत्येक नव्या रेसिडेंट डॉक्टरला मॅडम पहिल्याच दिवशी एक नियम सांगायच्या. तपासून झालं, गोळ्या लिहून झाल्या, पेशंट उठला आणि दाराच्या कडीला हात लावून थांबला, की आपण हातातलं पेन खाली ठेवायचं. खरं दुखणं माणूस तिथे बोलतो. पोरं पाठीमागे त्यांना ‘कडीबाई’ म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं, पण त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

हा नियम त्यांना पुस्तकात सापडलेला नव्हता. बारा वर्षांपूर्वी त्या स्वतः याच चार नंबरच्या खोलीत रेसिडेंट होत्या. रक्तातली साखर तपासायला एक शिंपी यायचा, गळ्यातली टेप काढायला विसरून. त्या दिवशी त्याचं सगळं ठीक निघालं. कडीला हात लावून तो म्हणाला, “बाई, आणखी एक...”

बाहेर तीस-पस्तीस माणसं ताटकळली होती. “ते पुढच्या वेळी, काका,” म्हणताना त्यांनी मानही वर केली नाही.

चार दिवसांनी त्याची बायको आली. तो शिवता शिवता मशीनवरच गेला होता. जिना चढताना छातीत आवळून येतं, हे डॉक्टरांना सांगा, असं तिने त्याला बजावून पाठवलं होतं.

“तुम्हाला सांगितलं होतं ना त्यांनी?” तिने विचारलं.

“नाही. काही बोलले नाहीत.”

“मीच सोबत यायला हवं होतं,” एवढंच म्हणून ती गेली.

एकदा जाऊन खरं सांगून यायचं, असं म्हणता म्हणता बारा वर्षं सरली. मॅडमना त्या खोटेपणाची लाज वाटायची, आणि त्या लाजेपायीच पाऊल उचलत नव्हतं.

त्या मंगळवारी दुपारी ओपीडी आटोपली. खिडक्या लावून झाल्या, खोलीत स्पिरिटचा वास कोंडला. नवा रेसिडेंट शेवटची केस सांगायला आला. कामाचा झपाटा असा, की सगळे त्याला तुफान म्हणत. आज मात्र तो सावकाश बोलत होता.

“साठीचे शिंपी आहेत, मॅडम. साखर ठीक, प्रेशर ठीक. हात फार गार होते. निघताना दाराशी थांबले, म्हणून मी पेन खाली ठेवलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, माझं आता काही राहिलं नाही. पण मी सांगायला गेलो होतो, एवढं तुमच्या बाईंनी हिला सांगावं.”

मॅडमनी केसपेपर ओढून घेतला. कडा पिवळ्या पडलेल्या. तळाशी त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘पुढच्या वेळी’. कोपऱ्यात घरचा फोन नंबर होता. तो फिरवून त्यांनी शिंप्याच्या बायकोला बोलवायला सांगितलं.

“आई?” पलीकडे मुलगा होता. “आई गेल्या महिन्यात गेली. कोण बोलतंय? ... शेवटपर्यंत तिचं एकच, मी सोबत जायला हवं होतं.”

मॅडमनी फोन ठेवला. एक महिना. फक्त एक महिना आधी हा नंबर फिरवला असता तर...

“मॅडम,” तुफान हळूच म्हणाला, “त्यांची बायको बाहेर बसलीय. या वेळी ही सोबत आलीय, असं म्हणाले ते.”

मॅडम उठल्या. कडीला हात लावला आणि दार अर्धवट उघडलं. बाहेर अंधुक होतं. मशीनच्या तेलाचा वास येत होता. बाकाच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, मांडीवर पिशवी घेतलेली एक बाई बसली होती.

“काकू... आणखी एक... सांगायचं राहिलं होतं...”

ती उठली. वळून पाहिलं नाही. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

“ते पुढच्या वेळी, बाई.”

बाक रिकामा झाला. मॅडमनी हातातल्या केसपेपरकडे पाहिलं. खाली नवी तारीख पडली होती, येत्या मंगळवारची. अक्षर त्यांचंच होतं आणि शाई अजून ओली होती. तुफानने खाली ठेवलेलं पेन मात्र टोपणासकट टेबलावर तसंच पडलं होतं.