शीणकरी

सांगलीतल्या त्या मदत केंद्रात चाळीस माणसं काम करत होती आणि त्यांतलं एकच माणूस दमलं होतं. बाकीच्या एकोणचाळीस जणांच्या कानांवर सकाळपासून अपघात, आगी, सर्पदंश आणि अडलेल्या बायका आदळत होत्या, तरी त्यांचे चेहरे नुकतीच अंघोळ करून आल्यासारखे टवटवीत होते. चाळिसावी होती ऋतुजा खोत. तिच्या पापण्या जड झाल्या होत्या, मानेमागे ठणका लागला होता आणि फोनवरच्या बाईला तिने गावाचं नाव दोनदा विचारलं होतं.

"आक्का, एवढ्यात दाबू नका," पर्यवेक्षक पाटोळे पलीकडून म्हणाले. "तासगाव रोडला बस उलटलीय. तेवढं उरकू द्या."

"उरकू द्या, उरकू द्या म्हणत एक दिवस तुम्ही मलाच उरकाल," ऋतुजा म्हणाली आणि तिने खुर्चीजवळचं लाल बटण दाबलं.

दिवे मंद झाले. पुढचे कॉल आपोआप कोल्हापूरच्या केंद्राकडे वळले. माणसांनी हेडफोन काढून मेजावर डोकी टेकली. दमल्यासारखं कुणालाच वाटत नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. काही मिनिटांतच निम्मी माणसं घोरायला लागली, यावरून त्यांना झोपेची किती गरज होती ते कळावं. त्यांना स्वतःला मात्र ते कळत नव्हतं.

हे सगळं 'निर्गंज' नावाच्या गोळीमुळे झालं होतं. मेंदू ही मोठी खादाड चीज. वजनाने शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, पण आपण घेतलेल्या प्राणवायूचा पाचवा वाटा एकटा फस्त करतो. आणि जिथे प्राणवायू तिथे गंज आलाच. लोखंडाला चढतो तसा पेशींनाही चढतो. शास्त्रज्ञ त्याला ऑक्सिडीकरण म्हणतात. काळजी, जागरण, धावपळ वाढली की हा गंज वाढतो. आवळा, हळद, अक्रोड, पालेभाज्या यांच्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात, हे आजोबा-पणजोबांच्या काळापासून पेपरात छापून येत होतंच. पण ती द्रव्यं पोटातून मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नसत. निर्गंज पोचली. सकाळच्या न्याहारीबरोबर एक गोळी घेतली की दिवसभराचा ताण मेंदूवर ओरखडाही उठवत नसे. स्मृतिभ्रंश निम्म्यावर आला, झोपेच्या गोळ्यांची दुकानं बसली, आणि माणसं चिडायची थांबली. देवानेच डोक्यावर हात ठेवला, असं लोक म्हणाले.

मग माणसं मरायला लागली. कुणी स्टिअरिंगवर, कुणी मागावर, कुणी शस्त्रक्रिया करता करता. हसत हसत, काही त्रास न होता. गोळीने गंज थांबवला होता, शीण नव्हे. फक्त शिणाची जाणीव गेली होती. दिवसभराच्या कामाने पेशींत साठणारा केरकचरा झोपेतच धुतला जातो आणि ते काम कुठलीच गोळी करत नाही. घड्याळ लावून सुट्ट्या देऊन पाहिल्या, पण काम रोज सारखं नसतं. पुराच्या दिवशी दोन तासांत माणूस पिळून निघतो. मनगटावर यंत्रं बांधली, ती लोकांनी काढून खिशात ठेवली. यंत्राचं कोण ऐकतो? शेवटी कायदा झाला. जिथे चाळीस माणसं, तिथे गोळी न घेणारं एक माणूस हवं. त्याने इतरांसारखंच काम करायचं आणि ते दमलं की सगळ्यांनी थांबायचं. लोक त्याला 'शीणकरी' म्हणू लागले.

ऋतुजा गेली अकरा वर्षं शीणकरी होती. चहाने शीण झाकला जातो, म्हणून शीणकऱ्याला कामाच्या वेळी चहा वर्ज्य. घरी जाताना कोपऱ्यावरच्या टपरीवर ती एक कप घ्यायची. टपरीवाल्याचंही गिऱ्हाईक म्हणजे ती आणि दोन-चार म्हातारे. नवरा गेल्यापासून तिला घरचंही एकटीने रेटावं लागत होतं. ती कंटाळली होती असं म्हणणं कमी पडेल. चाळीस माणसांचा शीण एका अंगात राहायला आला होता आणि तो भाडेकरूसारखा हलायचं नाव घेत नव्हता. सकाळी डोळे उघडताच तिला रात्रीची आठवण यायची.

तिला निवृत्ती हवी होती आणि ती मिळण्याची एकच अट होती: जागा घ्यायला तपासून पारखलेला दुसरा शीणकरी. कुणी तयार होत नसे. जाणूनबुजून दमायला कोण येणार? शेवटी तिची मुलगीच तयार झाली. मनवा तेवीस वर्षांची, त्याच केंद्रात फोनवर बसणारी. एके दिवशी जेवताना तिने गोळीची डबी आईपुढे सरकवली आणि म्हणाली, "मी बंद केली. आता तू झोप, मी दमते."

"शहाणीच आहेस," ऋतुजा म्हणाली. पण त्या दिवशी तिला पोरीचा फार अभिमान वाटला, आणि सुटकेची आशाही. अभिमान जास्त की आशा जास्त, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

तीन महिन्यांनी शरीरातली निर्गंज पूर्ण उतरली. मेंदूतज्ज्ञ डॉ. तन्वीर मुजावर यांनी मनवाचं रक्त तपासलं आणि एक दिवस बसवून बघा, असं कळवलं. त्या दिवशी ऋतुजाने रजा घेतली. पडदे ओढले, फोन बंद केला आणि दुपारी जेवायलासुद्धा न उठता ती झोपली. किती तरी वर्षांनी तिला स्वप्न पडलं; स्वप्नातही ती झोपलेलीच होती. ऊन उतरल्यावर ती उठली, वेणीफणी केली आणि मुलीला आणायला चालत निघाली. पाय हलके वाटत होते.

केंद्राच्या दारातच पाटोळे भेटले. ते खुशीत होते.

"पोरगी तयार झाली बघा, आक्का. आज एकदाही थांबलो न्हाई आपण."

ऋतुजाचे हलके पाय तिथेच खिळले. "एकदाही नाही?"

"एकदाही न्हाई. सकाळी कारखान्यात आग, दुपारी पुलावर अपघात, पण पोरगी हूं की चूं न करता बसून हाय."

मनवा लाल बटणापुढे ताठ बसली होती. ओठ सुकून पांढरे पडले होते, डावा डोळा आपोआप फडफडत होता आणि बोटं मेजावर थरथरत होती. आईला पाहून ती छान हसली.

"मी वाट बघतेय गं," ती म्हणाली. "सकाळपासून. अजून आला नाही शीण. काहीच वाटत नाहीये मला."

ऋतुजाने पुढे होऊन बटण दाबलं. मनवा उठायला गेली आणि तिचे गुडघे दुमडले. नंतर कळलं की दुपारनंतर तिने एक रुग्णवाहिका कवठे महांकाळऐवजी कवठे एकंदला धाडली होती आणि एका अडलेल्या बाईला पत्ता विचारून झाल्यावर तो टिपायचाच राहिला होता. दोन्ही रुग्ण वाचले, ती त्यांची पुण्याई.

दुसऱ्या दिवशी डॉ. मुजावर यांच्या खोलीत ऋतुजा एकटीच बसली होती. मनवाला सलाईन लावून आत निजवलं होतं. डॉक्टर मूळचे मिरजेचे, बोलायला मऊ, पण आज शब्द शोधत होते.

"गोळी तर उतरली होती ना, डॉक्टर?" ऋतुजाने विचारलं. "मग तिला कळलं कसं नाही?"

"उतरली होती. शीणही आला होता, रक्तात दिसतोय. तिला तो ओळखता आला नाही."

"शीण काय ओळखायचा असतो?"

"आम्हालाही वाटायचं, नसतो." डॉक्टरांनी चष्मा काढला. "ताई, लहान मूल अंगणात खेळतं, खेळून खेळून किरकिर करतं, भोकाड पसरतं. आपण म्हणतो, दमलंय बाळ, आणि मांडीवर घेतो. असं शेकडो वेळा होतं. दर वेळी त्याच्या मेंदूत इवलासा गंज चढतो आणि तिथेच एक खूण उरते: अंगात असं असं झालं, म्हणजे आता थांबायचं. भाषा शिकल्यासारखंच आहे हे. थोडा गंज म्हणजे बिघाड नव्हे, ती मेंदूची लिहायची शाई आहे. ती आम्ही जन्मापासूनच पुसत आलो. मनवाला निर्गंज कधी सुरू केली होती?"

ऋतुजाला सहाण आठवली. बाळगुटी उगाळायची ती सहाण. हळकुंड, जायफळ, खारीक, बदाम, एकेकाचे मोजके वेढे, आणि शेवटी त्या चाटणात निर्गंजचे दोन थेंब. दवाखान्यातल्या नर्सनेच सांगितलं होतं. शेजारच्या सगळ्या बाया घालत होत्या आणि एक दिवस चुकला तर सासूबाई रागावत. बाळ कधी रडायचं नाही. किती गुणी पोर, असं येणारा-जाणारा म्हणायचा आणि ऋतुजा तिची दृष्ट काढायची.

"बारशापासून," ती म्हणाली.

"सगळ्यांनी तेच केलं. माझ्या मुलांना मीही दिली."

"आता शिकवता नाही येणार तिला?"

"चार जणांवर प्रयोग केला. जांभई मोजायला शिकतात, आरशात डोळे बघायला शिकतात. पण आतून काही येत नाही. तिची गोळी उद्यापासून पुन्हा सुरू करा, निदान मेंदू तरी शाबूत राहील. आणि..." त्यांनी फायलीतून एक कागद काढला. "तुमचा निवृत्तीचा अर्ज मला परत करावा लागेल. जिल्ह्यात तुमच्यासारखे, गोळी निघण्याआधी वाढलेले, आता फार थोडे उरलेत, आणि पन्नाशीच्या आतला एकही नाही."

ऋतुजाला रडू येईल असं वाटलं होतं, पण तेवढंही बळ अंगात नव्हतं. मग तिने विचारलं, "फक्त शीणच ना, डॉक्टर? बाकीचं कळतं ना तिला?"

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. "भीती, दुःख, हुरहुर, सगळ्यांची शाई तीच आहे," ते म्हणाले. "घरी तुम्ही दोघीच असता ना? मग तुम्हीच तिला सांगत जा."

"काय सांगू?"

"तिला काय होतंय ते."

दुपारी ऋतुजा मुलीला रिक्षात घालून घरी घेऊन आली. आल्या आल्या मनवाने भांडी घासायला घेतली, मग कपड्यांच्या घड्या घालू लागली. डॉक्टरांनी तिलाही सगळं समजावलं होतं. वाईट वाटल्याचं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. घडी अर्धवट ठेवून ती आईपुढे येऊन बसली आणि डॉक्टरला जीभ दाखवावी तसा तिने चेहरा पुढे केला.

"आई, बघ ना. आत्ता मी दमलेय का?"

ऋतुजाने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. डोळ्यांखाली काळं धरलं होतं. गालाची शीर उडत होती. एवढी शिणलेली पोर तिच्याच घरात, तिच्याच हातचं खाऊन वाढली होती.

"हो, बाळा. फार दमलीयेस."

"बरं," मनवा म्हणाली आणि तिथेच सतरंजीवर आडवी झाली. ऋतुजा तिच्या केसांतून हात फिरवत बसली. खिडकीतून पाचचं ऊन येत होतं, खाली भाजीवाला ओरडत होता.

"आई, अजून एक विचारू?"

"विचार."

"बाबा गेले तेव्हा मला वाईट वाटलं होतं का?"

ऋतुजाचा हात थांबला. तेराव्याला मनवा पंगतीत वाढत होती, एकदाही न बसता, एकदाही न रडता. पोरगी खंबीर आहे, असं पाहुणे म्हणाले होते, आणि त्या एका शब्दाच्या आधाराने ऋतुजाने ते दिवस काढले होते.

"हो," ती म्हणाली. "फार वाईट वाटलं होतं तुला."

मनवाने समाधानाने सुस्कारा सोडला. "बरं झालं. मला नेहमी शंका यायची." तिने कूस बदलली आणि आईचा हात उशाशी ओढून घेतला. "मग तू गेलीस म्हणजे मला कोण सांगेल गं?"

तिने हे किल्ली कुठे ठेवलीय ते विचारावं इतक्या सहज विचारलं. ऋतुजाने तिच्या अंगावर चादर ओढली.

"डोळे मीट आता," ती म्हणाली.

मनवाने डोळे मिटले आणि क्षणात तिला झोप लागली. ऋतुजालाही झोप अनावर झाली होती. भिंतीला टेकलेली तिची मान पुन्हा पुन्हा कलत होती. पण पोर जागी होऊन काही विचारेल, तेव्हा कुणीतरी जागं असायला हवं, म्हणून ती तशीच बसून राहिली.