इंद्रजीतची बाविसावी चाल

"अहो, हे काय लिहिलंय?"

बुद्धिबळाच्या जिल्हा स्पर्धेत, हॉलच्या जिन्यातच मी त्याला गाठलं. खेळाडूंनी कागदावर लिहिलेले डाव कम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडं होतं, आणि हा पठ्ठ्या इंग्रजी अक्षरांऐवजी चक्क ‘घो’, ‘उं’, ‘ह’ लिहून मोकळा झाला होता.

"घोडा, उंट, हत्ती," तो म्हणाला. "तुमाला येतं ना मराठी?"

आणि हसला. तिथंच सगळं बिघडलं.

इंद्रजीत जंजाळ. दौलताबादचा, चिकलठाण्याच्या एका कंपनीत मशीनवर. किताब नाही, नाव कुणाला ठाऊक नाही. शिफ्ट संपवून यायचा, कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा, आणि असं काही खेळायचा की डाव चढवता चढवता माझा हात थांबायचा. लोक बघायचे ते पहिल्या टेबलाकडं, जिथं फोटो निघतात. एकदा वजीर देऊन नुसत्या प्याद्यानं त्यानं जिंकलेला डाव मी एकटीनं पाहिला आणि घरी येऊन रडले. का, ते देव जाणे.

दीड वर्ष असंच चाललं. प्रत्येक स्पर्धेनंतर हॉलच्या पायऱ्यांवर पट मांडून आम्ही त्याचे डाव पुन्हा खेळायचो.

"इथं घोडा मागं का घेतलात?"

"त्याला वाटावं, मी भ्यालोय म्हणून."

"आणि भ्याला नव्हतात?"

"त्याला नाय." तो पटाकडंच बघत होता. "तुमी बघायलात माझ्याकडं... त्याचं भ्या वाटत व्हतं."

मग पुण्याचं स्थळ आलं. हिमांशू. चांगला पगार, चांगलं घर, आणि होकार द्यायला बाबा उतावीळ. डिसेंबरातला ढगाळ, कुंद रविवार होता. पायऱ्यांवर पट मांडला आणि मी एका दमात बोलून टाकलं, "आज आपण दोघं खेळू. तुम्ही जिंकलात तर मी पुण्याला नाही म्हणते."

त्यानं दोन्ही राजे आपापल्या घरात नीट ठेवले. "आन् हारलो तर?"

"तर... जाते."

मला हरायचं होतं हो. पण मुद्दाम हरले असते तर त्याला लगेच कळलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं. म्हणून नीट खेळले. आणि जिंकले. त्यानं हार मानली, राजा आडवा ठेवला, हात पुढं केला.

"सुखात राहा," म्हणाला, आणि गाडी काढून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच डाव पुन्हा मांडला. बाविसाव्या चालीला थांबले. तिथं त्यानं हत्ती दिला असता तर चार चालींत माझ्यावर मात होती. त्याऐवजी त्यानं वजिरांची अदलाबदल होऊ दिली होती, इतक्या साधेपणानं की दुसऱ्या कुणाला संशयही आला नसता. पण असे हत्ती हा माणूस डोळे झाकून देतो. दीड वर्ष मी तेच तर बघत होते.

फोन लावला.

"बाविसाव्या चालीला हत्ती दिसला होता ना?"

पलीकडं मशीनचा आवाज.

"इंद्रजीत..."

"दिसला व्हता."

"मग?"

"तुमी शब्दाच्या लई पक्क्या. जिंकलो असतो तर खरंच मोडलं असतं स्थळ. आन् मग? आमची मशीनं चालली गुजरातला, नोकरीचं काय खरं नाय. कुठं ठिवू तुमाला?"

"मला विचारलंत?"

"नाय." त्याचा आवाज चिरकला. "तुमाला कळंल, असं वाटलं नव्हतं."

"तुमचा एकेक डाव मी वाचलाय. मला नाही कळणार तर कुणाला? कालचा डाव खरा तुम्हीच जिंकलात."

तो रडत होता बहुतेक. मीही रडत होते, आणि रागही असा आला होता की समोर असता तर पट डोक्यात घातला असता.

बाहेरच्या खोलीत बाबा मोबाइल घेऊन बसले होते. "कळवू ना होकार, अश्लेषा?"

"नको, बाबा. मी एकाला शब्द दिलाय."

नाव सांगितलं, आडनावासकट. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी मोबाइल उपडा ठेवला.

"काय करतो?"

"मशीनवर आहे. आणि फार मोठा खेळाडू आहे, बाबा. कुणाला माहीत नाही, एवढंच."

"काय जिंकलाय आजवर?"

"काल हरला," मी म्हणाले, आणि मला हुंदका आवरेना. "माझ्यासाठी हरला."